विश्लेषण : चेनसॉमधला ‘चेन कॅचर’ हात कसा वाचवतो? यंत्रात कोणते बदल करावेत, कोणते टाळावेत?

पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटायला आणि वादळानंतर पडलेली झाडे हटवायला चेनसॉ लागतोच. काम लवकर उरकावे म्हणून या यंत्रात नाना बदल केले जातात. मात्र त्यातला बोटभर लांबीचा एक सुटा भाग गायब असेल, तर चालवणाऱ्याचा उजवा हात पणाला लागतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली परिसरातील नारळी-पोफळीच्या बागांची धूळधाण झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले. रस्त्यांवर, घरांवर, विजेच्या तारांवर आडवी झालेली झाडे हटवायला कुऱ्हाड आणि करवत पुरणारी नव्हती. अशा वेळी कामाला येतो तो पेट्रोलवर चालणारा चेनसॉ. आज हे यंत्र आपत्ती निवारण पथकांकडे असते, तसे बागायतदाराच्या पडवीतही असते. यंत्र दुकानात मिळते. ते चालवण्याचे शिक्षण तेथे मिळतेच असे नाही.

चेन कॅचर म्हणजे काय? तो कुठे असतो?

चेनसॉचे इंजिन एका दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला फिरवते. स्प्रॉकेट चेनला ओढते आणि चेन एका पोलादी पट्टीच्या कडेने फिरत राहते. या पट्टीला गाइड बार म्हणतात. चेनच्या आतल्या बाजूच्या टोकदार कड्या पट्टीच्या खाचेतून धावतात. बाहेरच्या बाजूचे दात लाकूड कापतात.

पट्टीच्या वरच्या कडेवर चेन चालवणाऱ्यापासून दूर, टोकाकडे जाते. खालच्या कडेवर ती टोकाकडून परत यंत्राकडे येते. धावती चेन तुटली किंवा पट्टीवरून उतरली, तर तिचा मोकळा भाग चाबकासारखा यंत्राच्या खालून मागे येतो. आणि मागच्या हँडलवर असतो चालवणाऱ्याचा उजवा हात.

हा फटका अडवण्यासाठी पट्टी जेथे यंत्राच्या अंगात शिरते, तेथे खालच्या बाजूला ॲल्युमिनियमचा किंवा कडक प्लास्टिकचा एक छोटा तुकडा बाहेर आलेला असतो. तोच चेन कॅचर. बहुतेक यंत्रांत तो एक-दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. मागे येणारी चेन त्यावर आदळते, अडकते आणि तिच्या फटक्याची लांबी कमी होते.

त्यातूनही काही निसटलेच तर मागच्या हँडलचा खालचा भाग मुद्दाम रुंद केलेला असतो. तो उजव्या हाताची ढाल असतो. कॅचर आणि ही ढाल मिळून एकच संरक्षण तयार होते. यातले एक नसले तर दुसऱ्यावर सगळा भार येतो.

चेनचा वेग किती असतो?

साध्या हिशेबाने तो काढता येतो. मध्यम आकाराच्या अनेक यंत्रांत ०.३२५ इंच, म्हणजे सुमारे ८.२५ मिलिमीटर पिचची चेन आणि सात दातांचे स्प्रॉकेट असते. स्प्रॉकेटच्या एका दातामागे चेन दोन पिच सरकते. म्हणजे एका फेऱ्यात ती साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास पुढे जाते. इंजिन मिनिटाला १० हजार फेरे घेत असेल तर चेनचा वेग सेकंदाला १९ मीटरच्या वर, म्हणजेच ताशी सुमारे ७० किलोमीटर होतो.

एखादी गोष्ट दिसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात चेन साडेचार मीटरहून जास्त धावलेली असते. ‘मी सावध असतो’ हे उत्तर येथे लागू पडत नाही ते यामुळेच. हाताला जमत नाही ते काम यंत्रावरच्या एखाद्या भागाने आधीच करून ठेवावे लागते.

चेन पट्टीवरून उतरते कशामुळे?

सर्वांत मोठे कारण म्हणजे सैल चेन. नवी चेन पहिल्या काही तासांत ताणली जाते, तापल्यावर आणखी सैल होते. ती वेळोवेळी ताणून घेतली नाही तर खाचेतून बाहेर पडते.

दुसरे कारण बारीक फांद्या. झुडपे, बांबूची काटकी किंवा पडलेल्या झाडाचा शेंडा कापताना लवचिक फांदी चेनसोबत ओढली जाते आणि चेनला बाजूला खेचते. कापताना पट्टी पिळली तरी हेच होते.

तिसरे कारण झिजलेले किंवा न जुळणारे भाग. पट्टीच्या खाचेची रुंदी आणि चेनच्या आतल्या कड्यांची जाडी एकच हवी. ही जाडी १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. १.६ च्या पट्टीवर १.३ ची चेन चढते, फिरतेही. पण ती डगमगत फिरते. स्प्रॉकेटवर खोल खाचा पडल्या असतील तर नवी चेनही त्यावर नीट बसत नाही.

नारळाच्या खोडाचे लांब धागे स्प्रॉकेटच्या झाकणाखाली गुंडाळले जातात. किनाऱ्यावरच्या झाडांत वाळू असते. शहरातल्या झाडांत जाहिरातींचे खिळे आणि रोषणाईच्या तारा रुतलेल्या असतात. यातली प्रत्येक गोष्ट चेन बोथट करते, उतरवते किंवा तोडते.

किकबॅकपासूनही कॅचर वाचवतो का?

नाही. हे दोन वेगळे धोके आहेत आणि त्यांची गल्लत होते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला, तर चेन तेथे क्षणभर अडते आणि पट्टी उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, खांद्याकडे येते. याला किकबॅक म्हणतात. तेथे चेन जागेवरच असते. संपूर्ण यंत्र उलटते.

त्यासाठी चेन ब्रेक असतो. पुढच्या हँडलसमोरचा जो पंजाएवढा आडवा भाग असतो, तो डाव्या हाताच्या मनगटाने पुढे ढकलला गेला किंवा झटक्याने स्वतः पुढे गेला की चेन क्षणार्धात थांबते. डाव्या हाताचा अंगठा हँडलभोवती पूर्ण वळवून धरणे त्यासाठीच आवश्यक असते. थोडक्यात, चेन ब्रेक चेहरा आणि खांदा वाचवतो, चेन कॅचर उजवा हात वाचवतो.

यंत्रात कोणते बदल केले जातात? त्यात घातक कोणते?

पहिला बदल ‘काढून टाकण्याचा’. चेन एकदा आदळली की कॅचर तुटतो. तो तसाच अपेक्षित असतो. स्वतः मोडून हात वाचवणे हेच त्याचे काम. पण यंत्र त्याच्याविनाही चालू होते, म्हणून नवा बसवला जात नाही. त्याची किंमत एका नव्या चेनच्या तुलनेत नगण्य असते. काही जण त्या जागी लोखंडी पट्टीचा तुकडा किंवा बोल्ट बसवतात. हा उपाय अर्धवट आहे. कॅचरची जागा, लांबी आणि ताकद ठरवून दिलेली असते. शिवाय तो मऊ धातूचा किंवा प्लास्टिकचा असल्याने चेनच्या कड्यांचे नुकसान कमी होते.

दुसरा बदल दातांपुढच्या उंचवट्याचा. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. त्याला डेप्थ गेज किंवा रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती जाड ढलपी काढायची हे तो ठरवतो. दातापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटरने खाली असावा लागतो. ‘जास्त खाईल’ म्हणून हा उंचवटा कानशीने सपाट केला जातो. चेन मग लाकडाला अधाशासारखी पकडते, हिसके देते, इंजिनवर ताण येतो आणि किकबॅकची शक्यता वाढते.

तिसरा बदल सायलेन्सरचा. आतली जाळी काढली किंवा भोक मोठे केले की यंत्राचा आवाज दमदार येतो. चेनसॉचा आवाज मुळातच १०० डेसिबलच्या वर असतो. त्यात भर पडते ती बहिरेपणाची. कार्बोरेटर त्यानुसार जुळवला नाही तर इंधनाचे मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. ठिणग्या अडवणारी जाळीच नसल्याने उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात वणवा पेटण्याचा धोका वेगळाच.

चौथा बदल लांब पट्टीचा. छोट्या इंजिनावर लांब पट्टी लावली की खोड एका दमात कापता येईल असे वाटते. प्रत्यक्षात चेनला ओढायला ताकद कमी पडते, तेल टोकापर्यंत पोहोचत नाही आणि यंत्राचा तोल पुढे जातो.

ग्राइंडरला चेन जोडली तर?

हा सध्या सर्वाधिक स्वस्त आणि सर्वाधिक धोकादायक ‘चेनसॉ’ आहे. चार इंची अँगल ग्राइंडरला जोडायची पट्टी आणि चेन ऑनलाइन सहज मिळते. पण ग्राइंडर दगड-लोखंड घासण्यासाठी बनवलेला असतो. तो भाराविना मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याला चेन ब्रेक नसतो, कॅचर नसतो, मागच्या हाताची ढाल नसते. अनेक छोट्या ग्राइंडरचे बटण सरकवले की चालूच राहते. हातातून सुटले तरी चेन फिरत असते. म्हणजे चेनसॉला सुरक्षित करण्यासाठी काही दशकांत जे जे जोडले गेले, ते सगळे येथे एकाच झटक्यात वजा होते.

गवत कापायच्या यंत्राबाबतही असाच प्रकार होतो. ग्रास कटरच्या पात्याऐवजी धातूच्या साखळीचे तुकडे लावले जातात. युरोपात अशाच जोडणीची कडी तुटून एक प्राणघातक अपघात झाला. त्यानंतर जोडलेल्या धातूच्या कड्यांची पाती हातात धरायच्या ब्रश कटरसाठी विकू देऊ नयेत, असा निर्णय युरोपीय आयोगाने १९ जानेवारी २०१२ रोजी दिला. सुटलेली कडी चालवणाऱ्यालाच लागते असे नाही. जवळून जाणाऱ्यालाही लागू शकते.

मग कापणी सुरळीत होण्यासाठी काय करावे?

चेनसॉचा वेग इंजिनात कमी आणि दातांत जास्त असतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातले लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका भुंगेऱ्याची अळी लाकूड कशी पोखरते हे पाहिले. तिचे जबडे डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने लाकूड काढत होते. त्यावरून त्यांनी वळलेल्या दातांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये विक्रीला आणली. आजच्या चेनमध्येही एक दात डावा, एक उजवा असतो. हे दोन्ही सारखे धारदार असतील तर यंत्र स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते. जोर लावावा लागत नाही.

म्हणून सर्वांत उपयोगी ‘बदल’ म्हणजे गोल कानस. ती चेनच्या मापाचीच हवी. ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर आणि पूर्ण ३/८ ला साधारण ५.५ मिलिमीटरची कानस चालते. बहुतेक चेनवर ३० अंशांचा कोन ठेवावा लागतो. अचूक आकडा चेनच्या माहितीपत्रकात असतो. कानस आतून बाहेर एकाच दिशेने चालवावी आणि प्रत्येक दाताला सारखेच फेरे द्यावेत. डावे दात लांब आणि उजवे आखूड झाले, तर काप वाकडा जातो आणि पट्टी अडकते.

धार आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. धारदार चेन ढलप्या फेकते, बोथट चेन भुकटी काढते. भुकटी दिसू लागली की काम थांबवून कानस हाती घ्यावी. चेन बोथट असताना जोर लावला की पट्टी तापते, चेन सैल होते आणि ती उतरण्याची वेळ जवळ येते. धार कमी होणे आणि कॅचरवर वेळ येणे ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

ताण आणि तेल यांचे काय?

ताण नेहमी इंजिन बंद करून, चेन थंड असताना, हातमोजे घालून तपासावा. पट्टीचे टोक वर उचलून धरून नट घट्ट करावेत. चेन खालच्या कडेला लटकता कामा नये, पण हाताने ओढली तर सहज सरकली पाहिजे. तापलेली चेन ताणली असेल तर काम संपल्यावर ती पुन्हा सैल करावी. थंड होताना चेन आक्रसते आणि इंजिनच्या दांड्यावर, बेअरिंगवर ताण येतो.

तेलासाठी गाडीतून काढलेले काळे ऑइल सर्रास वापरले जाते. त्यात धातूचे कण असतात, तेलपंप खराब होतो आणि फवाऱ्यातून उडणारे हे तेल कातडीला अपायकारक असते. चेनचे तेल चिकट असते, कारण एवढ्या वेगात ते पट्टीवर टिकून राहायला हवे. तेल येते का हे पाहण्यासाठी पट्टीचे टोक कागदासमोर थोडे अंतर ठेवून धरावे आणि रेस द्यावी. कागदावर तेलाची पुसट रेघ उमटली पाहिजे.

पट्टी अधूनमधून उलटी करून बसवली की दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाच साफ ठेवावी. एका स्प्रॉकेटवर दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही बदलावे. यंत्र आणि हँडल यांमधले रबराचे किंवा स्प्रिंगचे दणके शोषणारे भाग फाटले असतील तर तेही बदलावेत. सततच्या कंपनाने बोटे बधिर आणि पांढरी पडण्याचा विकार जडतो. सावकाश चालीवर चेन फिरत असेल तर कार्बोरेटर जुळवून घ्यावा. रेस न देता चेन थांबलेलीच हवी.

चेन एकदा उतरली तर?

ती पुन्हा चढवून लगेच काम सुरू करणे ही नेहमीची चूक. आधी इंजिन बंद करावे आणि चेन थंड होऊ द्यावी. मग तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आतल्या कड्या. त्यांवर चरे किंवा धारदार कंगोरे आले असतील तर त्या खाचेत अडकतात. थोडे कंगोरे सपाट कानशीने काढता येतात. कडी वाकली किंवा चिरली असेल तर चेन बदलावी. दुसरी, पट्टीची खाच फाकली आहे का. तिसरी, कॅचर. त्यावर खोल खाच पडली असेल किंवा तुकडा उडाला असेल तर नवा बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये. चेन उतरली म्हणजे कारण शिल्लक आहे. दुसऱ्यांदा ती उतरेल तेव्हा अडवायला काही तरी हवे.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेचे ‘आयएसओ १०७२६’ हे मानक केवळ चेन कॅचरची मापे आणि ताकद यांसाठी आहे. जंगलात वापरायच्या चेनसॉची एकूण सुरक्षा ‘आयएसओ ११६८१’ मध्ये येते. अमेरिकेत लाकूडतोडीच्या कामावर ९ फेब्रुवारी १९९५ नंतर नव्याने आणलेल्या चेनसॉला चेन ब्रेक असणे बंधनकारक आहे.

कपड्यांसाठी ‘आयएसओ ११३९३’ मानक आहे. या पॅन्टमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटला गुंडाळतात आणि चेन थांबते. त्यांचे वर्ग चेनच्या वेगानुसार ठरतात : सेकंदाला १६, २०, २४ आणि २८ मीटर. वर काढलेला १९ मीटरचा वेग लक्षात घेतला तर सर्वांत खालचा वर्गही पुरत नाही, मग लुंगी आणि चपलेचे काय, हे वेगळे सांगायला नको.

यंत्र घेताना, भाड्याने आणताना काय तपासावे?

इंजिन बंद असताना यंत्र उलटे करून पाहावे. पट्टीच्या मुळाशी, खालच्या बाजूला कॅचर आहे का, घट्ट आहे का हे दिसते. चेन ब्रेक पुढे ढकलल्यावर ‘कट’ असा आवाज करून बसतो का, मागे घेतल्यावर सुटतो का हे पाहावे. मागच्या हँडलखालची रुंद ढाल फुटलेली नसावी. पट्टीवर छापलेली पिच, जाडी आणि कड्यांची संख्या चेनशी जुळावी. कॅचर सुटा मिळतो का, हे विक्रेत्याला खरेदीआधीच विचारावे. सुटे भाग मिळत नसलेले स्वस्त यंत्र पहिला कॅचर तुटेपर्यंतच सुरक्षित असते.

या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. वादळानंतर रस्ता मोकळा करण्याची घाई सगळ्यांनाच असते आणि यंत्र रोज दहा हातांतून फिरते. अशा वेळी सकाळी पहिल्यांदा दोरी ओढण्याआधी यंत्र एकदा उलटे करून पाहणे, हा चेनसॉ चालवण्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी नियम ठरतो.